‘त्यांना म्हातारं का दाखवलंत?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखाखाली ‘जुना श्रोता, फोंडा’ या नावाने तुम्ही लिहिलंत. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. गोव्यातल्या बार्देशातले एक रॉक गायक आणि गिटारवादक, माझे सगळ्यात आवडते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं त्यांचे कार्यक्रम मी फिल्मवर टिपत होते. मधे बराच काळ ते स्टेजपासून दूर राहिले. आता पुन्हा गायला लागले तेव्हा मीही पुन्हा कॅमेरा घेऊन गेले, आणि जुने-नवे फोटो शेजारी शेजारी लावून लेख लिहिला. त्यांचं नाव त्यांच्याच इच्छेवरून दिलं नव्हतं, इथेही देत नाही. ओळखणारे ओळखतात.

तुमचं म्हणणं असं (केसरबाई म्हणजे शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर): ‘केसरबाईंनी वेळेवर गाणं थांबवलं आणि आपला आब राखला. या माणसाला तेवढं कळलं नाही, तर निदान तुम्ही कॅमेरा खाली ठेवायचा. कानातलं यंत्र काय, मानेच्या सुरकुत्या काय! आमची आठवण नासवलीत. त्यात कृष्णधवल करून आणखी भेसूर केलंत. पाचवा आणि नववा फोटो काढून टाका.’ शेवटी लिहिलंत की मडगावच्या एका बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या तुमच्या भाच्याने फोटो बघून विचारलं, ‘हेच का ते?’

तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

आधी तुमच्या आठवणीबद्दल. पणजीत कांपालला कला अकादमीच्या खुल्या रंगमंचावर त्यांना पाहिल्याचं तुम्ही लिहिता: उडी मारलेली, केस हवेत, ‘चेहरा संगमरवरात कोरल्यासारखा’. त्या कार्यक्रमाला तुम्ही होतात याचा मला आनंद आहे. पण तुम्ही वर्णन करताय तो माझा फोटो आहे. तोच फोटो पुढे कॅसेटच्या वेष्टनावर छापला गेला, वर्तमानपत्रांत आला, आणि इतक्या वर्षांत तुमच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या जागी तो जाऊन बसला. प्रेक्षकांत दूरवर बसलेल्याला गालाची ठेवण दिसत नाही. मी स्टेजच्या कडेला, मॉनिटर स्पीकरला टेकून बसले होते. मला दिसत होती, आणि ती संगमरवरी नव्हती. त्यांच्या दोन्ही गालांवर मुरुमांचे खोल वण आहेत. तेव्हाही होते.

मग ते फोटोत का नाहीत? त्या काळी स्टेजवर पार कॅन असायचे, आत हजार हजार वॅटचे दिवे आणि पुढे रंगीत जिलेटिन पेपर. रॉकचा कार्यक्रम म्हटला की प्रकाशवाला निम्म्याहून जास्त दिव्यांना लाल कागद लावायचा. मी वापरायचे ती कोडॅकची ट्राय-एक्स, ४०० एएसएची कृष्णधवल फिल्म (एएसए म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचं माप). ही फिल्म लाल प्रकाशही टिपते. लाल प्रकाशात त्वचेवरचे डाग, वण, लाली हे सगळं आजूबाजूच्या त्वचेइतकंच उजळ उमटतं, म्हणजे दिसेनासं होतं. ओठसुद्धा फिकट होतात. त्यावर आणखी एक गोष्ट. अंधारात शटरला पुरेसा वेग मिळावा म्हणून आम्ही फिल्म १६०० ला पुश करायचो, म्हणजे ती १६०० ची आहे असं धरून फोटो घ्यायचे आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. त्यामुळे उजळ भाग पांढरेफटक होतात आणि सावलीत जे फिल्मवर पोचलंच नव्हतं ते काळंच राहतं. मधल्या छटा निघून जातात. चेहऱ्यावरचं वय, थकवा, घाम, जागरण हे सगळं या मधल्या छटांमध्येच असतं.

तुमचा संगमरवर लाल कागदातून आणि डार्करूममधल्या वाढीव मिनिटांतून आला आहे. त्या फोटोवर माझं फार प्रेम आहे, आजही मी तो सगळ्यांना दाखवते. पण तो त्यांचा खरा चेहरा आणि आताचा बिघडलेला, हे मला मान्य नाही. दोन्ही फोटो एकाच माणसाचे आहेत, आणि दोन्हींत प्रकाशाचा आणि यंत्राचा हात आहे. तुम्ही जे जपायला सांगताय ते माझं जुनं काम आहे. त्यांना त्या कामात कोंडून ठेवायचा अधिकार मला नाही.

(त्या रंगमंचाचंही तुम्हाला ठाऊक असेलच. चार्ल्स कोरियांनी उभारलेल्या त्या वास्तूचं नूतनीकरण चालू असताना, जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. त्या बातमीनंतर मी जुन्या निगेटिव्ह पुन्हा बाहेर काढल्या. कितीतरी पट्ट्यांवर बुरशीचे धागे चढले होते. गोव्याच्या पावसाळ्यात फिल्म टिकवणं हे आम्हा सगळ्यांचं कायमचं दुखणं आहे.)

आता केसरबाई. तुम्ही फोंड्याचे, त्यांचं गाव केरी तुमच्याच तालुक्यातलं. तुमच्या तोंडी त्यांचा दाखला शोभतो आणि मला तो हलक्यात घ्यायचा नाही. साठच्या दशकात त्यांनी जाहीर गाणं थांबवलं हे खरं. पण तो निर्णय त्यांचा होता. कुणा श्रोत्याने किंवा फोटोवाल्याने ‘आता पुरे’ असं त्यांना सांगितलं नव्हतं, आणि सांगायची कुणाची छातीही झाली नसती. ज्या अभिमानाने त्या गायल्या त्याच अभिमानाने त्या थांबल्या. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे की कधी थांबायचं ते गाणाऱ्याने ठरवायचं. तुम्ही मात्र त्यांच्या उदाहरणावरून दुसऱ्या गायकासाठी निकाल देताय.

आणि त्यांचं घराणं आठवा. त्यांचे गुरू अल्लादियाखाँसाहेब तरुणपणी एका संस्थानात होते. तिथे दिवसचे दिवस गावं लागल्याने त्यांचा आवाज पार बसला. बराच काळ गाता आलं नाही. आवाज परत आला तो पूर्वीचा नव्हता. मग त्यांनी जुन्या आवाजाची नक्कल करत बसण्याऐवजी, जो आवाज हाती उरला होता त्याला पेलेल अशी गायकी रचली: लयीला बांधलेली, पेचदार, एका श्वासात स्वरांची गुंफण करत जाणारी. जयपूर-अत्रौली म्हणून आपण जिच्यापुढे मान झुकवतो ती हीच. केसरबाईंना १९२१ पासून त्यांनी तालीम दिली ती या गायकीची. म्हणजे ज्यांचा दाखला तुम्ही दिलात त्यांच्या गाण्याच्या मुळाशीच एक मोडलेला आवाज आहे. खाँसाहेबांच्या जुन्या चाहत्यांनी त्यांना तेव्हाच ‘आता थांबा’ म्हटलं असतं आणि त्यांनी ते ऐकलं असतं, तर केसरबाई आपल्याला या रूपात मिळाल्याच नसत्या.

थोडं कोंकणी गाण्याकडे वळते, कारण तिथे उलटं उदाहरण आहे आणि ते आपल्या डोळ्यांदेखत घडलंय. कोंकणी गायिका लोर्ना. क्रिस पेरींच्या बँडबरोबर तिने गायलेली गाणी गोव्यातल्या प्रत्येक फेस्ताला, प्रत्येक लग्नाला वाजत होती, आणि ती स्वतः वीसहून अधिक वर्षं गप्प होती. १९९५ मध्ये ती परतली तेव्हा तिने पन्नाशीला हात लावला होता. आवाज जाड झाला होता, खाली उतरला होता. लोकांनी तो आवाज डोक्यावर घेतला. माझ्या आईला कोंकणी कांतारांचं फारसं वेड नव्हतं, पण रेडिओवर नवी लोर्ना लागली की ती हातातलं काम सोडून ऐकायची आणि म्हणायची, आता ही बाई काय गातेय ते तिला ठाऊक आहे. आईचं हे वाक्य मला आमच्या गायकाच्या नव्या कार्यक्रमात सारखं आठवत होतं.

त्या कार्यक्रमाबद्दल मागच्या लेखात मी कमी लिहिलं, फोटोच बोलतील म्हणून. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर वाटलं की गाण्याबद्दल लिहायलाच हवं, कारण तुम्ही फोटो पाहिलेत, गाणं ऐकलेलं नाही.

ते आता जुनी गाणी मूळ पट्टीच्या पूर्ण एक सूर खाली घेतात. गिटारच्या सहाही तारा तेवढ्या उतरवलेल्या असतात. तारांचा ताण कमी झाल्याने डाव्या हाताच्या बोटांना कमी जोर लागतो, तार आडवी ओढून सूर वर चढवणं सोपं जातं. तरुणपणी त्यांचे सोलो म्हणजे धाव असायची. श्वास घ्यायलाही थांबत नसत. आता त्याच जागी दोन सूर येतात, आणि दुसरा सूर ते ओढून धरतात, इतका वेळ की मागचा ड्रमवाला बिचकतो. मग सोडतात. प्रेक्षकांत आधी शिट्ट्या नव्हत्या, टाळ्या नव्हत्या. मग एकदम आल्या. मी उभी होते तिथे शेजारी विशीतली पोरं होती. त्यांनी हे गाणं यापूर्वी ऐकलेलं असायचं काही कारण नाही, त्यांच्या जन्माआधीची ती कॅसेट. तीही गप्प होऊन ऐकत होती.

ही पिढी कशातून आली तेही सांगायला हवं. गोव्यात बँड पुष्कळ होते, पण हॉटेलांत आणि लग्नांत लोकांना हवी ती परदेशी गाणी वाजवायची हाच शिरस्ता होता. १९८४ मध्ये रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून, स्वतःच्या गाण्यांची कॅसेट केली आणि स्कूटरवरून दुकानांत नेऊन दिली. त्यानंतर बार्देशातल्या कितीतरी पोरांना धीर आला की आपलं गाणं आपण लिहायचं, आपणच वाजवायचं. आमचे गायक त्यांतले एक. तेव्हा त्यांचं गाणं रागाचं होतं, आणि राग तरुण आवाजात शोभतो. आज त्याच ओळी ते गातात तेव्हा गेलेल्या गावांबद्दल, विकलेल्या घरांबद्दल ऐकतोय असं वाटतं. शब्द एकही बदललेला नाही.

फोटो काढणारीच्या नजरेने आणखी एक फरक. पूर्वी कार्यक्रम रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचे. त्यांचा आवाज दोनेक तासांनी उघडायचा आणि माझे चांगले फोटो त्यानंतरचेच आहेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करायचा. रात्रीची झोप हा गावकऱ्यांचा हक्कच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वयस्क आवाजाला तापायला वेळ लागतो आणि तो वेळ आता घड्याळ देत नाही. म्हणून ते कार्यक्रमाआधी आत खोलीत बसून तासभर गातात, हळू आवाजात, डोळे मिटून. तिथे मी कॅमेरा नेला नाही.

स्टेजवर मात्र नेला, आणि तिथे तुमच्या नवव्या फोटोकडे येते. तुम्हाला त्यात ‘स्टुलावर बसलेला, दमलेला, मान लोंबणारा म्हातारा’ दिसला. पुन्हा बघा. त्यांची नजर ड्रमवाल्याच्या उजव्या हातावर आहे आणि पाय अनवाणी आहेत. ऐकू कमी येतं म्हणून ते ठेका डोळ्यांनी घेतात आणि लाकडी फळ्यांतून पायांनी घेतात. बास ड्रमचा ठोका फळीतून तळव्याला लागतो. माझ्या सगळ्या जुन्या रोलमध्ये ते लोकांकडे बघताहेत किंवा डोळे मिटून आहेत. साथीदाराकडे बघणारा एकही फोटो नाही. नव्यांत जवळजवळ प्रत्येक फोटोत ते कुणाचं तरी ऐकताहेत. त्या फोटोत मला दमलेला माणूस दिसत नाही. बँडबरोबर वाजवणं म्हणजे काय ते मला त्यात दिसतं, आणि इतकी वर्षं रॉकचे फोटो काढूनही हे असं माझ्या कॅमेऱ्यात पूर्वी आलं नव्हतं. हा फोटो मी लेखातून काढून टाकणार नाही.

पाचवा फोटो, श्रवणयंत्राचा. याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त राग आहे. त्यात ते गाणं सुरू होण्याआधी यंत्र कानातून काढताहेत. साधं श्रवणयंत्र माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेलं असतं, ड्रम आणि अँप्लिफायरचा आवाज त्यात फाटतो, म्हणून काढून खिशात ठेवतात. फोटो निवडायला बसलो तेव्हा हा मी बाजूला सारला होता. तुम्हाला वाटलं तसंच मलाही वाटलं, की नको. त्यांनी तो परत पुढे ओढला आणि म्हणाले, ‘‘बाय, हो फोटो दाखय. भुरग्यांक कळूं दी.’’

पोरांना काय कळू दे? ते हे की रॉक वाजवणाऱ्यांच्या कानांचं काय होतं. अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणारी नायॉश ही सरकारी संस्था ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. हिशोब केलात तर १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. सरावाच्या बंद खोलीत ड्रमसेटचा आवाज सहज तिथवर जातो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. हे त्यांना विशीत कुणी सांगितलं नाही. तेव्हा कानात शिट्टी वाजत घरी जाणं ही कार्यक्रम झकास झाल्याची खूण समजली जायची. ते यंत्र त्यांच्या गाण्याचाच भाग आहे, उडीइतकाच. त्या उड्या पाहून आपण टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांचे कान जात होते. आता ते झाकून ठेवा असं त्यांनाच सांगायचं, हे मला जमणार नाही.

कृष्णधवलबद्दल. ‘भेसूर करण्यासाठी’ हा तुमचा अंदाज बरोबर नाही. आता स्टेजवर एलईडी असतात, आणि प्रकाशवाल्यांना निळा आणि जांभळा भारी आवडतो. डिजिटल सेन्सरवर चारांतला एकच ठिपका निळा प्रकाश मोजतो. चेहऱ्यावर नुसता निळा पडला की ते ठिपके भरून जातात, बाकीचे उपाशी राहतात, आणि चेहरा म्हणजे एक सपाट निळा डाग उरतो. वर निळा प्रकाश लालच्या अगदी उलट वागतो, त्वचेवरचा प्रत्येक डाग आणि रेघ गडद करतो. मला त्यांना भेसूर करायचं असतं तर तेच फोटो घेतले असते. मी समोरून पांढरा दिवा येणाऱ्या गाण्यांसाठी थांबले, लेखातले सगळे नवे फोटो त्या प्रकाशातले आहेत, आणि छटा आहेत तशा ठेवल्या आहेत. रंग काढला तो एवढ्याचसाठी की मागच्या पडद्यावरचा जांभळा रंग चेहऱ्यापासून नजर ओढून घेत होता. वण मात्र दिसतात. यावेळी मला ते हवे होते.

राहता राहिला भाचा. ‘हेच का ते?’ या त्याच्या प्रश्नाने तुम्हाला लाज वाटली असं तुम्ही लिहिलंत. मला तो प्रश्न फार चांगला वाटला. त्याला हो म्हणा, आणि जुनी कॅसेट ऐकवा, मग नवा कार्यक्रम ऐकायला पाठवा. माझे फोटो त्याला नाही दाखवलेत तरी चालेल. पण इअरप्लगचं त्याला आजच सांगा. औषधांच्या दुकानातले फोमचे बोळे झांजांचा वरचा आवाज जास्त खातात, सगळं बोदं ऐकू येतं, म्हणून ड्रमवाले कंटाळून काढून टाकतात. संगीतवाल्यांसाठी वेगळे मिळतात, आत फिल्टर असलेले, ते सगळ्या पट्ट्यांचा आवाज साधारण सारखा कमी करतात आणि वाजवताना सूर-ठेका स्पष्ट कळतो. मीही स्टेजजवळ तेच वापरते. सवय व्हायला काही दिवस लागतात, त्याने लगेच सोडून देऊ नयेत.

पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरली की इथे कळवीन. साउंड चेक संध्याकाळी लवकर होतो आणि तेव्हा ते आलेल्या कुणाशीही बोलतात, ड्रम वाजवणाऱ्यांशी जरा जास्तच. भाच्याला तेव्हाच पाठवा, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही या. त्यांच्या उजव्या बाजूला उभं राहून बोला, डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही.